‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या इतक्या महोत्सवी आवृत्त्या : आत काही वेगळं असतं, की नुसतं खोकं नवीन?

खिडकीपाशी

माझ्याकडची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रत कॉलेजात असताना भावाने दिलेली. एकाच खंडात सगळं, साधा कागदी पुठ्ठा, हजारावर पानं. इतकी वर्षं वाचून वाचून ती कण्यात दोन ठिकाणी मोडली आणि आपोआप तीन खंडांची झाली. रबरबँड लावून ठेवली आहे.

आता लेक पंधरा वर्षांची आहे आणि तिला वाचायचंय. म्हणून गेल्या वर्षी हौसेने एक महोत्सवी आवृत्ती ऑनलाइन मागवली. कोणाची ते लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये. खोकं देखणं, कापडाचा भास होणारा पुठ्ठा, सोनेरी कडा, खुणेची फीत. पोरगी गोष्टीतल्या मोरियाच्या खाणीपर्यंत पोचली आणि कण्यातून ‘कट्’ असा आवाज आला. आज त्यातली सोळा पानं सुटी आहेत. फीत मात्र भक्कम आहे.

पुन्हा घ्यायचं म्हणून शोधायला बसले तर पन्नाशीची आवृत्ती, साठीची आवृत्ती, लेखकाच्या जन्मशताब्दीची सचित्र, लेखकाने स्वतः काढलेल्या चित्रांची, नुसती ‘डीलक्स’, असं काय काय दिसलं. माझा प्रश्न साधा आहे. या आवृत्त्यांच्या आत, म्हणजे मजकुरात, काही फरक असतो का? की तेच पुस्तक दर दहा वर्षांनी नवे कपडे घालून येतं? फरक असेल तर तो बघायचा कुठे?

रद्दीवाला

वाढदिवस मोजून बघा. लेखक टॉल्कीन जन्मले १८९२ साली. ‘हॉबिट’ आलं १९३७ला. ‘रिंग्ज’चे पहिले दोन खंड १९५४ला, तिसरा १९५५ला. ‘सिल्मरिलियन’ १९७७ला. आता यातल्या प्रत्येकाची पन्नाशी, साठी, पंचाहत्तरी मांडा. मोकळं वर्ष शोधून दाखवा! एकाच कादंबरीची पन्नाशी दोन वर्षं चालते, कारण तिचा शेवटचा खंड वर्षभर उशिरा आला होता.

थोडक्यात, कपडे नवे आणि माणूस तोच. जुनी प्रत चिकटवून घ्या.

मुद्राराक्षस

ताई, रद्दीवाल्यांचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला मला जरा जास्त जागा लागेल. मी ३१ वर्षं प्रूफं तपासली, आता निवृत्त आहे, त्यामुळे पुस्तक हातात आलं की मी आधी पान चार, म्हणजे छपाईची माहिती असते ते पान, बघतो आणि मग कथा. घरचे हसतात.

आधी आपल्याकडचा नेहमीचा घोळ. ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकुराला हात लागला, नव्याने जुळणी झाली, तर ती आवृत्ती. त्याच पानांचा आणखी एक गठ्ठा छापला तर ते पुनर्मुद्रण, मग त्याला सोनं लावा नाहीतर चांदी. बाजारातल्या बहुतेक ‘महोत्सवी आवृत्त्या’ म्हणजे नटवलेली पुनर्मुद्रणं. पण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची २००४ची पन्नाशीची आवृत्ती खरोखर आवृत्ती आहे. वेन हॅमंड आणि क्रिस्टीना स्कल या दोघा अभ्यासकांनी ती हस्तलिखितं, जुन्या छपाया आणि लेखकाच्या स्वतःच्या दुरुस्त्या ताडून तपासली. तीनशे ते चारशे ठिकाणी बदल केले. बहुतेक बदल स्वल्पविराम, जोडरेघ, मोठं-लहान अक्षर या जातीचे. तुम्ही म्हणाल, एवढ्याशासाठी? हो, एवढ्याशासाठीच.

कारण या पुस्तकाचा छपाईतला इतिहास म्हणजे आमच्या धंद्याच्या पापांची यादी आहे. १९५४ला पहिला खंड छापताना जुळाऱ्यांनी लेखकाचं इंग्रजी परस्पर ‘सुधारलं’. त्यांनी ‘ड्वार्व्ज’चं ‘ड्वार्फ्स’ केलं, ‘एल्व्हन’चं ‘एल्फिन’, ‘फार्दर’चं ‘फर्दर’. कोशात तसं आहे म्हणून! आणि ज्याचं इंग्रजी सुधारलं तो ऑक्सफर्डचा भाषेचा प्राध्यापक, १९१९-२० साली खुद्द ऑक्सफर्ड कोशाच्या कामावर असलेला माणूस. पहिल्याच प्रकरणात बिल्बो या पात्राच्या घराबाहेर ‘नॅस्टर्शन’ची फुलं आहेत. जुळाऱ्याने ती ‘नॅस्टर्शम’ केली. टॉल्कीननी कॉलेजच्या माळ्याला विचारून खात्री केली आणि आपला शब्द परत आणला. एका फुलासाठी. मी ते वाचलं तेव्हा उठून उभा राहिलो होतो.

पुढचं आणखी वाईट. पहिला खंड पटकन संपला, पुन्हा छापायचा ठरला, तर छापखान्याने जुळवलेले अक्षरांचे खिळे आधीच मोडून परत खणांत टाकलेले. मग त्यांनी सगळा मजकूर गुपचूप नव्याने जुळवला आणि लेखकाला कळवलंच नाही. नव्या जुळणीत नव्या चुका येणारच, तशा त्या आल्या आणि वर्षानुवर्षं पुढच्या छपायांत उतरत गेल्या. १९६५ला अमेरिकेत एका प्रकाशकाने परवानगीशिवाय स्वस्त प्रत काढली. तिला तोंड द्यायला लेखकाला घाईने सुधारित पाठ, म्हणजे मजकूर, तयार करावा लागला आणि त्यात वेगळ्या चुका शिरल्या. १९९४ला मजकूर संगणकावर चढवला, तेव्हाही तेच. प्रत्येक वेळी जुनी घाण काढायची आणि जाताना थोडी नवी सांडून जायची. ज्याने प्रूफं वाचली आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम आल्यावर आपल्याकडे जुनी पुस्तकं नव्याने छापताना अनुस्वार पुसले गेले, आणि त्या हाताने कधीकधी लेखकाच्या बोलीतले शब्दही प्रमाण होऊन गेले. त्यातली काही पापं माझीही आहेत.

आता २००४च्या आवृत्तीतली मला सगळ्यात प्रिय गोष्ट. तुमची लेक मोरियापर्यंत पोचली म्हणालात ना? तिथे जादूगार गॅन्डाल्फला बालिन या ड्वार्फच्या थडग्यापाशी फाटकं, जळकं ‘माझरबुलचं पुस्तक’ सापडतं. टॉल्कीननी त्या पुस्तकाची पानं खरोखर तयार केली होती. त्यांवर रून लिपीत मजकूर लिहिला, पाइपच्या विस्तवाने कडा जाळल्या, शिलाई उसवल्यासारखी भोकं पाडली, रक्त म्हणून लाल रंग लावला. ती पानं १९५४च्या पुस्तकात छापली जावीत अशी त्यांची फार इच्छा होती. रंगीत छपाई परवडत नाही म्हणून प्रकाशकाने नकार दिला. पन्नास वर्षांनी, लेखक जाऊन तीसेक वर्षं झाल्यावर, ती २००४च्या आवृत्तीत आली. पन्नाशी साजरी करायची तर अशी. लेखकाचं राहिलेलं देणं फेडलं म्हणायचं.

सूचीचीही तीच गत. पहिल्या खंडात शेवटी नामसूची देऊ असं वचन दिलं होतं. तिसऱ्या खंडात सूचीऐवजी प्रकाशकाची दिलगिरी छापून आली. सूची आली १९६०च्या दशकात. हॅमंड-स्कल यांनी तिला २००५मध्ये पुन्हा मोठी आणि नीट केली, शिवाय मजकुरात मागे राहिलेल्या आणखी काही चुका काढल्या.

म्हणून तुमच्या ‘बघायचं कुठे’ला माझं उत्तर असं. खोकं बाजूला ठेवा आणि सुरुवातीची पानं उघडा. ‘मजकुराविषयी टीप’ आहे का? टॉल्कीनचे अभ्यासक डग्लस अँडरसन यांची ती जुनी टीप आणि तिच्या जोडीला हॅमंड-स्कल यांची २००४ची टीप, अशा दोन्ही असतील तर पाठ सुधारलेला आहे. मग वर साठी लिहिलेली असो की काहीच लिहिलेलं नसो. याच पाठाच्या साध्या कागदी बांधणीच्या प्रतीही निघाल्या आहेत. म्हणजे महोत्सवाचं फळ महोत्सवी प्रतीतच मिळतं असं नाही.

तळटीप

मुद्राराक्षस, छान लिहिलंत, पण ‘सुधारलेला पाठ’ म्हटलं की माझा हात खिशाकडे जात नाही, कपाळाकडे जातो.

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीचं बघा. जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, २ फेब्रुवारी १९२२ला, पॅरिसमध्ये हजार प्रतींची पहिली आवृत्ती आली. जुळणी दिजाँच्या फ्रेंच कामगारांनी केलेली, त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यातून जॉइस प्रूफांवरच नवी वाक्यं लिहीत सुटलेला. चुकाच चुका. मग १९८४ला, नेमका १६ जूनचा, म्हणजे कादंबरी ज्या दिवशी घडते त्या तारखेचा, मुहूर्त साधून, हान्स वाल्टर गाबलर यांची सुधारित आवृत्ती आली. सुमारे पाच हजार दुरुस्त्या. वाहवा झाली. चार वर्षांनी जॉन किड नावाच्या अभ्यासकाने तिच्यावर तोफ डागली. कादंबरीतल्या शर्यतीतल्या ‘थ्रिफ्ट’चा त्यात ‘श्रिफ्ट’ झाला होता, आणि थ्रिफ्ट हा तर खरोखरीचा माणूस होता! २०२२ला शताब्दी आली तेव्हा केम्ब्रिजच्या शताब्दी आवृत्तीने काय केलं? १९२२चाच मजकूर घेतला आणि त्याला टिपा-लेख जोडले.

चूक कुठली आणि लेखकाची लहर कुठली हे ठरवणारा संपादक तरी कोण?

मुद्राराक्षस

तळटीप, थ्रिफ्टचा घाव मान्य. पण दोन ठिकाणचा फरक बघा. जॉइसच्या बाबतीत ‘लेखकाचा अंतिम पाठ’ म्हणजे काय हेच कोणाला धड सांगता येत नाही, आणि गाबलर यांनी तो जवळजवळ नव्याने बांधला. टॉल्कीननी स्वतःच्या छापील प्रतींत दुरुस्त्या करून ठेवल्या होत्या, आणि मुलगा क्रिस्टोफर २००४ला हयात होता, विचारता येत होतं. शिवाय हॅमंड-स्कल यांचा हात आखडता आहे. कथेतली विसंगती दिसली तरी लेखकाने स्वतः ती बदलायची ठरवली होती असा पुरावा नसेल तर ते तिला सहसा शिवत नाहीत. चांगला मुद्रितशोधक ओळखायचा तो त्याने काय सोडून दिलं त्यावरून.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ३१ वर्षं पगार घेतला, तरी नाही.

अर्धविराम

चुका काढून टाकायचं एवढं चाललंय म्हणून उलटी बाजू. पहिल्या ‘हॅरी पॉटर’च्या १९९७च्या पहिल्या छपाईत सजिल्द प्रती फक्त ५०० होत्या. त्यात शाळेच्या सामानाच्या यादीत ‘१ छडी’ दोनदा पडली आहे, पान ५३. संग्राहक आधी ती चूक आहे का ते बघतात. चूक असेल तरच प्रत खरी, आणि मग तिचा भाव विचारू नका.

आणि ‘हॉबिट’च्या १९३७च्या वेष्टनावर लुईस कॅरल यांचं खरं आडनाव ‘डॉजसन’ चुकीचं छापलं गेलं, एक ‘ई’ जास्तीचा. प्रकाशकाने बहुतेक प्रतींवर तो ‘ई’ हाताने पेनाने खोडला. पहिली छपाई १५०० प्रतींची होती. कोणीतरी बसून एकेक वेष्टन खोडत गेलं असेल.

मुद्राराक्षस

अर्धविराम, त्या खोडणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. आम्हाला चुकीबद्दल बोलणी बसायची, तिथे चुकीलाच भाव!

कोपऱ्यातला दिवा

‘हॉबिट’चा विषय निघालाच आहे तर एक भर. तिथे महोत्सवी आवृत्ती घेताना वेगळीच गंमत आहे, कारण मुळात पुस्तकच दोन आहेत. १९३७च्या पाचव्या प्रकरणात गॉलम हा गुहेतला प्राणी आपली जादूची अंगठी स्वतःच पणाला लावतो. हरल्यावर ती सापडत नाही म्हणून बिल्बोची माफी मागतो, मुकाट्याने बाहेरची वाट दाखवतो आणि निरोप घेतो. शिव्याशाप नाहीत, ‘माझं बाळ’ म्हणून आकांत नाही. ‘रिंग्ज’ लिहिताना लेखकाला कळलं की ही अंगठी अशी सहज कोणी देणार नाही. त्याने १९४७ला प्रकाशकाकडे नमुन्यादाखल ते प्रकरण बदलून पाठवलं आणि १९५१च्या आवृत्तीत ते परस्पर छापलं गेलं. तो स्वतःच चकित झाला. आपण सगळ्यांनी वाचलेला गॉलम तो हा.

त्यामुळे पन्नाशी, साठी, पंचाहत्तरी कुठलीही घ्या, वाढदिवस १९३७च्या पुस्तकाचा असतो आणि आत निघतं पुढे बदललेलं पुस्तक. ज्याचा वाढदिवस त्यालाच भेटायचं असेल तर पहिल्या आवृत्तीची हुबेहूब प्रतिकृती २०१६ला निघाली आहे, ती बघा. किंवा डग्लस अँडरसन यांचं सटीप ‘हॉबिट’, ज्यात जुना उतारा टिपेत दिलाय. मी जुना गॉलम वाचला आणि दोन दिवस बेचैन होते. इतका सभ्य होता हो तो!

खिडकीपाशी

बाप रे, एवढं सगळं! मुद्राराक्षस काका, तुमचं वाचून दोन्ही प्रती घेऊन बसले. पान चार उघडलं. निकाल असा :

भावाने दिलेल्या प्रतीत एकही टीप नाही, म्हणजे ती जुन्या चुकांची. ‘कट्’ झालेल्या प्रतीत टिपा दोन, दुसरी २००४ची. सूचीही मोठी आहे. माझरबुलची पानंसुद्धा आहेत! सुट्या झालेल्या सोळा पानांच्या लगेच पुढे. लेकीने ती आधीच बघितली होती, तिला वाटलं सगळ्याच प्रतींत असतात.

म्हणजे मी ज्या पुस्तकाला वर्षभर नावं ठेवली त्याचा मजकूर चोख निघाला, फक्त बांधणी फसवी. आता तिसरी प्रत घ्यायची की हीच बांधून घ्यायची? आणि घ्यायचीच झाली तर बांधणी शिवलेली आहे की चिकटवलेली ते फोटोवरून कसं कळणार?

मुद्राराक्षस

फोटोवरून कळत नाही, विक्रेत्याला कण्याच्या वरच्या टोकाचा फोटो मागायचा. शिवलेल्या पुस्तकात तिथे फर्मे दिसतात. म्हणजे दुमडलेल्या पानांचे छोटे छोटे कमानीसारखे जुडगे, एकाला एक लागून. पुस्तक उघडून फर्म्याच्या बरोबर मध्ये गेलात तर दोरा दिसतो. चिकटवलेल्यात वरून नुसती सपाट रेघ आणि डिंकाचा थर. वर जी रंगीत पट्टी असते, लाल-पिवळी, तिच्यावर जाऊ नका. ती पूर्वी शिलाईचा भाग असायची, आता नुसती चिकटवलेली चिंधी असते. ‘सजिल्द’ या शब्दावरही जाऊ नका. पुठ्ठा जाड असला म्हणून आत शिलाई असेलच असं नाही.

पण तिसरी प्रत घेऊ नका. तुमच्या प्रतीत फक्त गरम डिंक वाळून तडकला आहे, बाकी पुस्तक शाबूत आहे. जुन्या पद्धतीने काम करणारा बाइंडर गाठा. तो पुठ्ठा सोडवेल, कण्याकडची कड दोन-तीन मिलिमीटर कापून जुना डिंक काढेल. मग सगळी पानं एका बाजूला पंख्यासारखी वाकवून लवचीक पांढरा डिंक लावेल, पुन्हा दुसऱ्या बाजूला वाकवून लावेल. त्यामुळे प्रत्येक पानाला कडेवर दोन्हीकडून बारीक पकड मिळते. वर जाळीचं कापड. असं पुस्तक सपाट उघडतं. ‘बाजूने टोचून शिवून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. हजार पानांचं पुस्तक बाजूने टोचलं तर अर्धवटच उघडतं आणि ओळींची टोकं खोबणीत जातात.

दोन गोष्टी त्याला आधीच बजावा. एक, कापायची ती फक्त कण्याकडची बाजू. बाइंडरांच्या हाताला सवय असते, पुस्तक यंत्राखाली घातलं की तिन्ही बाजू साफ करून देतात. तुमच्या सोनेरी कडा तिथे संपतील. दुसरी, ती सोळा पानं जागेवर लावून द्या आणि पृष्ठक्रम स्वतः तपासा, त्याच्यावर सोडू नका. माझरबुलची रंगीत पानं वेगळ्या कागदावर असतील, तर ती नेमक्या कुठल्या दोन पानांच्या मध्ये आहेत ते लिहून ठेवा.

आणि हे सगळं करायच्या आधी पट्टी घ्या आणि मधल्या एखाद्या पानावर कण्याकडचा समास मोजा. शेवटच्या अक्षरापासून डिंकापर्यंत. १२ मिलिमीटरच्या खाली असेल तर मला परत विचारा.

खिडकीपाशी

मोजला. लेकीने पण मोजला, तिचा माझ्यावर विश्वास नाही. १९.